गरिबांची सेवा रोजच्या जगण्यात: ख्रिस्ती प्रीती कृतीत उतरवण्याची रीत

अंगावर धड वस्त्र नाही, रोजच्या अन्नाची ददात आहे, अशा भावाला किंवा बहिणीला कुणी “सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा” एवढेच म्हणून वाटेला लावले तर त्याचा उपयोग काय, असे याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात विचारतो (२:१५-१६). हे वाचून बहुतेकांचे मन हलते. अडते ते त्यापुढे. नेमके काय द्यायचे, किती द्यायचे, केव्हा द्यायचे, आणि समोरच्याची मान खाली जाऊ न देता कसे द्यायचे? या लेखात तेवढेच आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो: विचारून केलेली, थोडी पण न चुकणारी आणि वेळ आली की दुसऱ्याच्या हाती नीट सोपवलेली सेवा गरिबाच्या जितकी कामी येते, तितके एकदाच केलेले मोठे वाटप येत नाही.

आधी थकलेली मजुरी द्या

सेवेची सुरुवात घराबाहेर पडून करू नका. तुमच्या घरी, दुकानात, शेतात जी माणसे राबतात त्यांचे काही देणे राहिले आहे का ते आधी पाहा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, अशी आज्ञा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:१४-१५) आहे. तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो, हे कारणही तिथेच सांगितले आहे. म्हणजे ठरलेली तारीख चुकवायची नाही. सुटे नाहीत म्हणून रक्कम पुढच्या खेपेवर ढकलायची नाही. जुने कपडे किंवा उरलेले जेवण दिले म्हणून ते पगारात धरायचे नाही. मजुरी अडवून ठेवायची आणि रविवारी दानपेटीत पैसे टाकायचे, याला आमच्या मते सेवा म्हणता येत नाही.

एक घर, एक वार

१६१७ साली फ्रान्समधल्या शातियाँ गावात व्हिन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू होते. एक अख्खे कुटुंब आजारी पडले आहे आणि त्यांची सोय पाहायला कुणी नाही, असे त्यांनी रविवारच्या उपदेशात सांगितले. लोकांनी ऐकले आणि त्याच दिवशी अन्न घेऊन त्या घराकडे रीघ लागली. व्हिन्सेंटना आनंद झाला, पण त्यातला दोषही दिसला: आज आलेले बरेचसे अन्न नासणार आणि चार दिवसांनी ते घर पुन्हा उपाशी राहणार. म्हणून त्यांनी गावातल्या स्त्रियांची मंडळी उभी केली. कोणत्या दिवशी कोण जाणार, याची पाळी लावली आणि नियम लिहून काढले. प्रेमाला वेळापत्रक कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

तुम्हीही एकच घर निवडा आणि आठवड्यातला एकच वार ठरवा. सुरुवातीला एक तास पुरे. एक छोटी वही करा आणि तिच्यात चार गोष्टी लिहा: तारीख, काय कबूल केले, काय दिले, पुढच्या खेपेला काय हवे. पैशांसाठी पौलाने करिंथच्या मंडळीला दिलेली सूचना आजही सोयीची आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:२). महिनाअखेरीस जे उरेल त्यातून देऊ म्हटले, तर बहुधा काही उरत नाही. वेगळे पाकीट ठेवा. ते रिकामे झाले की त्या आठवड्यात पैसे संपले असे समजा, आणि तेवढा वेळ द्या.

कबूल करताना हात आखडता घ्या, देताना नको. “बघू, काहीतरी करू” हे वाक्य तोंडातून काढू नका. आपल्याला ते सहज बोलणे वाटते, पण गरजू माणूस त्याला होकार समजून वाट पाहत बसतो. सेवेवरचा विश्वास सर्वात जास्त तुटतो तो इथेच.

विचारल्याशिवाय देऊ नका

आंधळा बार्तीमय समोर उभा असताना त्याला काय हवे असेल हे कुणालाही सांगता आले असते. तरी प्रभू येशूने त्याला विचारले, “मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे?” (मार्क १०:५१). पहिल्या भेटीत तुम्हीही हेच करा.

शक्यतो दोघांनी जा. येशूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवले होते (मार्क ६:७). एकटे राहणाऱ्या स्त्रीच्या घरी जाणार असाल तर दोघांपैकी एक तरी स्त्री असू द्या. नाव विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. समोरचा जमिनीवर बसला असेल तर तुम्हीही खाली बसा, उभ्याने बोलू नका. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. कर्ज देणाऱ्यानेसुद्धा गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, तो स्वतः वस्तू बाहेर आणील, असे अनुवाद २४:१०-११ सांगते. जिथे सावकाराला ही मर्यादा आहे, तिथे सेवेला आलेल्याला ती जास्तच हवी.

काय विचारावे? “या आठवड्यात कुठले काम अडले आहे?” हा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. “तुम्हाला काय कमी आहे?” असे विचारले की माणूस एक तर संकोचतो, नाहीतर यादी सांगतो. अडलेले काम विचारले की नेमके कळते: औषध आणायला कुणी नाही, अर्ज भरता येत नाही, दार लागत नाही. मुले किती, नवरा काय करतो, काम का करत नाही, असले प्रश्न विचारायचे नाहीत. ओळख वाढली की ज्याला सांगायचे तो आपणहून सांगतो.

अन्न देताना

कोरडा शिधा द्यायचा की शिजवलेले अन्न, हे त्या घरातल्या चुलीवर अवलंबून आहे. इंधन, भांडी आणि शिजवणारे धडधाकट हात असतील तर शिधाच द्या, कारण आपल्या हाताने आपल्या चवीचे करून खाण्यात माणसाचा मान आहे. यांपैकी एक जरी नसेल तर शिजवलेले न्या.

शिध्याचा हिशेब असा करता येतो. दर माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि २५ ग्रॅम तेल धरले की साधारण १८०० किलोकॅलरी होतात. संकटकाळच्या मदतकार्यात माणशी सरासरी २१०० किलोकॅलरी धरतात, म्हणजे उरलेल्या तीनशे भाजी, दूध, साखर, शेंगदाणे यांतून आल्या पाहिजेत. चार माणसांच्या घराला एका आठवड्यासाठी ११.२ किलो धान्य, सुमारे १.७ किलो डाळ, ७०० ग्रॅम तेल आणि १४० ग्रॅम मीठ लागते. वजन चौदा किलोच्या आसपास जाते. म्हाताऱ्या माणसाला ते एका पिशवीत दिले तर उचलणार कोण? दोन-तीन पिशव्या करा आणि घरापर्यंत पोचवा. पिठात किडे, तेलाला खवट वास किंवा मुदत संपलेला डबा असेल तर तो देऊ नका. आपण जे खाणार नाही ते दानात घालायचे नाही.

शिजवलेल्या अन्नात सर्वात जास्त चुका होतात वेळेच्या. शिजलेले अन्न एक तर वाफाळते, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर हवे, नाहीतर थंड, ५ अंशांच्या खाली. या दोहोंच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, म्हणून साध्या तापमानात ते दोन तासांहून जास्त ठेवू नये. भाताबाबत विशेष जपा. तांदळावरच्या एका जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि भात कोमट राहिला की त्यांतून विष तयार होते. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मोठ्या पातेल्यातले अन्न आतून तासन्‌तास कोमट राहते, त्यामुळे गार करून ठेवायचे असेल तर पसरट, उथळ भांड्यांत काढा. पुन्हा गरम करताना मधोमध वाफ निघेपर्यंत, ७० अंशांच्या वर जाईपर्यंत, ढवळत तापवा. समारंभातले उरलेले अन्न रात्री उशिरा वाटायला निघणाऱ्यांनी आधी घड्याळ पाहावे. ते दोन तासांहून जास्त उघडे राहिले असेल तर टाकून द्या. गरिबाचे पोटही तुमच्यासारखेच बिघडते, आणि त्याची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

अन्न न्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा: मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, चावता येते का, काही खाल्ल्याने त्रास होतो का.

दोन बाबतींत चांगल्या हेतूनेही घात होतो. पहिली, ज्याने पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच खाल्लेले नाही त्याला भरपेट जेवू घालू नका. एकदम अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घटते आणि हृदयावर ताण येतो. अशा माणसाला आधी दवाखान्यात न्या. दुसरी, अंगावर पिणाऱ्या बाळासाठी दुधाची पावडर वाटू नका. अस्वच्छ पाणी, न उकळलेली बाटली आणि पैसे वाचवायला पातळ केलेले दूध यांनी बाळ आजारी पडते, आणि तोवर आईचे दूधही कमी होते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूध पुरते. म्हणून आईला चांगले जेवण द्या.

जुलाब होत असतील तर तयार जलसंजीवनीचे पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला आणि थोडे-थोडे पाजत राहा. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने घालू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा रक्त पडू लागले तर थांबू नका, दवाखाना गाठा.

कपडे

प्रेषितांची कृत्ये ९:३९ मध्ये विधवा स्त्रिया रडत-रडत पेत्राला, नुकत्याच वारलेल्या दुर्कसने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवतात. ती त्यांच्यासाठी कपडे शिवत असे. कपडे देण्याचा याहून चांगला नमुना आम्हाला ठाऊक नाही.

कपाट आवरताना निघालेले कपडे धुवून, वाळवून तीन ढीग करा: आज घालता येतील असे, दुरुस्तीचे आणि पुसणी करण्याजोगे. तिसरा ढीग कुणालाही द्यायचा नाही. दुसऱ्या ढिगातल्या कपड्यांची बटणे, चेन, इलॅस्टिक दुरुस्त करा, मगच ते पहिल्या ढिगात जातील. आतले कपडे आणि मोजे नवेच द्या. बूट-चपलांचे जोड नाडीने बांधा, नाहीतर वाटताना एकाची डावी आणि दुसऱ्याची उजवी अशी गत होते. मापाची चिठ्ठी लावा. शक्य तिथे कपडे मांडून ठेवा आणि घेणाऱ्याला निवडू द्या. रंग नको म्हटला तर रागावू नका. आवडनिवड सर्वांनाच असते.

आजाऱ्याजवळ: पाय धुणे आणि कूस बदलणे

योहान १३ मध्ये प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. अंथरुणाला खिळलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या किंवा वाकता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ही अगदी रोजची गरज आहे. ती करण्याची पद्धत अशी.

आधी परवानगी घ्या. अनेकांना पाय दाखवायची लाज वाटते. आपले हात साबणाने निदान २० सेकंद धुवा. त्याच्या पायाला किंवा तुमच्या हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. दोन भांडी घ्या, एक धुण्याला आणि एक स्वच्छ पाण्याचे. पाणी कोमट, अंगाच्या उष्णतेइतके असावे. ते हाताच्या कोपराने तपासा, कारण बोटांना उष्णतेची सवय असते आणि अंदाज चुकतो. मधुमेह असलेल्याच्या पायाची संवेदना गेलेली असू शकते, त्यामुळे पाणी कढत असले तरी तो ओरडणार नाही. त्याचे पाय भिजत ठेवू नका, धुऊन लगेच बाहेर काढा. इतरांचे पाच मिनिटे भिजले तरी चालतात.

मऊ कापडाला साधा साबण लावून टाचेकडून बोटांकडे धुवा आणि स्वच्छ पाण्याने साबण काढा. मग टिपून कोरडे करा, घासू नका. बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करा. सर्वात जास्त दुर्लक्ष तिथेच होते, ओल राहते आणि तिथेच चिखल्या होतात. तेल किंवा मलम टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत मुळीच नको. नखे सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. मधुमेह असेल तर नखे आणि कुरूप यांना हात लावू नका, ते काम परिचारिकेचे. धुताना तळवा नीट पाहा. जखम, फोड, काळा पडलेला भाग किंवा वास जाणवला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होतात. टाच, माकडहाड, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू रोज तपासा. लाल झालेल्या जागी बोटाने हलके दाबा. बोट काढल्यावर लाली क्षणभर फिकट होऊन परतली तर ठीक, जशीच्या तशी राहिली तर व्रणाची सुरुवात आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे आसपासच्या भागापेक्षा गरम, टणक किंवा दुखरे लागते का ते पाहा. त्या जागी मालिश करू नका, आतले मांस दुखावते. वजन पडणार नाही अशी उशी लावा. माणसाला ओढत सरकवू नका, दोघांनी चादरीसकट उचला.

घरच्यांपैकी जो रात्रंदिवस हे करतो त्याला आठवड्यातून तीन तास सुटका देणे, हीदेखील मोठी सेवा आहे. ती फारशी कुणाला सुचत नाही.

पैसे आणि कागद

रोख रक्कम द्यावी की नाही यावर मंडळ्यांत वाद होतात. आमचे मत असे: गरज नेमकी ठाऊक असेल आणि माणूस ओळखीचा असेल तर रोख द्या, कारण आपले घर कसे चालते हे त्यालाच जास्त कळते. घरात कुणी व्यसनी असेल किंवा पैसे हिसकावले जाण्याची भीती असेल तर भाडे, औषध, शाळेची फी परस्पर भरा. उसने म्हणून देत असाल तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या. परतफेडीची आशा न धरता उसने द्या, असे लूक ६:३५ मध्ये आहे. ज्याने उसने घेतले तो तुम्हाला पाहून रस्ता बदलू लागला, तर पैसे गेले त्याहून वाईट झाले. म्हणून जमत असेल तिथे उसने म्हणूच नका.

सरकारी कचेरीत किंवा इस्पितळात सोबत जाताना मूळ कागद मालकाच्याच हातात राहू द्या. प्रतींचे दोन संच करा, पोचपावतीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. अधिकारी तुमच्याकडे पाहून बोलू लागला तर उत्तर त्या माणसाला देऊ द्या. बँकेचा गुप्त क्रमांक, ओटीपी, सही केलेला कोरा कागद यांतले काहीही स्वतःकडे घेऊ नका, त्याने आग्रह केला तरी.

प्रार्थना आणि फोटो

प्रार्थना सेवेची किंमत होता कामा नये. अन्न हातात देण्याआधी प्रार्थनेला बसवणे, उपासनेला न येणाऱ्याचे नाव यादीतून काढणे, धर्म विचारून वाटणे, हे सर्व बंद. दहा कुष्ठरोग्यांपैकी परत येऊन उपकार मानणारा एकच होता (लूक १७). नऊ जण आले नाहीत याबद्दल येशूने विचारले जरूर, पण त्यांचे बरे होणे काढून घेतले नाही. देऊन झाल्यावर “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” असे विचारायला हरकत नाही. नको म्हटले तर तेवढ्याच मायेने निरोप घ्या.

घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढू नका. मदत हवी असलेला माणूस “नको” म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या होकाराला अशा वेळी फारसा अर्थ नसतो. देणगीदारांना हिशेब द्यायचा तर पावत्या आणि सामानाचा फोटो पुरतो. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे वचन (मत्तय ६:३) फोन हातात असताना आठवावे.

मंडळीने मिळून करताना

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही वाटपावरून कुरकुर झाली होती. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी ती तक्रार दडपली नाही. ज्यांच्याविषयी चांगली साक्ष आहे असे सात जण निवडून त्यांच्याकडे काम सोपवले (प्रेषितांची कृत्ये ६:१-६). तुमच्या यादीत कोण सुटते ते दर महिन्याला तपासा. सुटतात ते बहुधा वेगळी भाषा बोलणारे, नुकतेच राहायला आलेले, घराबाहेर न पडू शकणारे आणि मागायला लाजणारे.

पैसे नेहमी दोघांनी मोजावेत, त्यांचे आपसांत नाते नसावे, आणि दोघांच्या सह्या असाव्यात. एवढ्या मोठ्या दानाच्या व्यवस्थेत कुणी दोष काढू नये म्हणून पौल स्वतः सोबत माणसे घेत असे (२ करिंथ ८:२०-२१). लहान मुलांबरोबर कोणत्याही कार्यकर्त्याने एकट्याने बंद खोलीत थांबू नये, मग तो पाळक का असेना. याला अपवाद करू नका.

जेवणाची पंगत असेल तर वाढणारे आणि जेवणारे असे दोन गट पडू देऊ नका. कार्यकर्त्यांनी त्याच पंगतीत, तेच अन्न घेऊन बसावे. एखाद्याने भांडी घासायला हात पुढे केला तर करू द्या. सतत घेणाराच राहिलेला माणूस हळूहळू खचतो.

थांबताना, सोपवताना

येशूच्या दृष्टांतात वाटेत लुटून जखमी केलेल्या माणसासाठी चांगल्या शोमरोन्याने, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या वाटसरूने, काय-काय केले ते क्रमाने पाहा (लूक १०:३४-३५). जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रखवालदाराला दिली आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणून सांगितले. मग तो आपल्या कामाला गेला. घायाळ माणूस कायमचा त्याच्यावर अवलंबून राहिला नाही, आणि वाऱ्यावरही सुटला नाही.

तुम्हाला बदली, आजारपण किंवा थकवा यामुळे थांबावे लागले तर निदान चार आठवडे आधी सांगा. नवीन माणसाला दोनदा सोबत नेऊन ओळख करून द्या. त्याला वहीतून तीन गोष्टी सांगा: काय कबूल केलेले अजून बाकी आहे, कोणते औषध किंवा पथ्य चालू आहे, आणि कोणता विषय काढलेला त्या घराला आवडत नाही. बाकी खासगी माहिती सांगू नका आणि ती पाने फाडून टाका. नंतर महिन्याभराने एकदा स्वतः जाऊन ठरलेल्या वारी कुणी येते का ते विचारा.